डॅफ्नीचे पाय, लेनचे बूट

"रेडिओवर दाढी दिसत नाही," मी म्हटलं.

आरशासमोर माझा नवरा लेनर्ड दुसऱ्यांदा दाढी करत होता. एकदा उठल्या उठल्या झाली होती, आता न्याहारीनंतर पुन्हा. अर्ध्या तोंडाला फेस, अर्धं तोंड गुळगुळीत, आणि वर गुणगुणणं चाललेलं. युद्धाचं चौथं वर्ष, कडाक्याची थंडी, ताटात पावडरीचं अंडं, आणि ह्या माणसाला गाणं सुचत होतं.

"काय म्हणालीस, विनी?"

"म्हटलं, तुझे गाल माइकला दिसत नाहीत. आणि साबण रेशनवर आहे."

"अगं, माणसाला स्वतःसाठी तरी नीटनेटकं राहावंसं वाटतं की नाही?"

"लग्न झाल्यापासून आजवर कधी वाटलं नव्हतं."

तो हसला. लेन हसला की त्याच्यावर रागावणं बायकांना फार अवघड जातं, आणि बायका ह्या शब्दात मी एकटी येत नाही हीच माझी तक्रार. त्याने टाय ठीक केला, नाटकाचे कागद काखेत मारले आणि म्हणाला, "मी पुढे होतो. डॅफ्नीबरोबर शेवटचं पान एकदा वाचून घ्यायचंय."

"वाचून, की पाठ करून?"

"पाठ कशाला? रेडिओवर पाठ कोण करतं?"

हे मात्र खरं होतं. रंगमंचावरून रेडिओत आलेल्या प्रत्येक नटाला पहिलं सुख हेच मिळतं, की कागद हातात धरून वाचता येतं, पाठांतराची कटकट संपली. फिरत्या कंपनीत होतो तेव्हा लेनकडून ओळी घोकून घेता घेता माझा जीव जायचा. रेडिओत आल्यापासून त्याने एक ओळ पाठ केल्याचं मला आठवत नाही. तरी त्याच्यामागे दार लागल्यावर मी रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. त्याने घातलेला सदरा मी रविवारसाठी इस्त्री करून ठेवलेला होता.

मीही नटीच होते. कंपनीची नायिका मी, नायक लेन. लढाई सुरू झाली, थिएटरं बंद पडली आणि आम्ही दोघं रेडिओत शिरलो. तिथे काचेमागे बसलेल्या साहेबांनी माझा आवाज ऐकला आणि तोंड वाकडं न करता सांगितलं, की बाईंचा आवाज माइकवर पातळ पडतो. पातळ! शेवटच्या बाकावर बसून शेंगा सोलणाऱ्या माणसापर्यंत जो आवाज रोज पोचत होता, तो पातळ! पण माइक काही शेवटच्या बाकावर बसत नाही, तो ओठांशी असतो. त्याला डॅफ्नी गार्थसारखा आवाज लागतो, खालच्या पट्टीतला, उबदार, आत्ताच झोपेतून उठल्यासारखा. ती बोलायला लागली की खाणीतले मजूर, बोटीवरचे खलाशी, इस्पितळातले जखमी, सगळे पाघळतात. तिला पोत्यांनी पत्रं येतात. मला आवाजांचं काम मिळालं. म्हणजे बोलण्याचं सोडून बाकी सगळे आवाज: दार, घोडा, कपबशी, रेशमी झगा, पाऊस, पावलं.

थोडक्यात, नाटकात डॅफ्नी चालते तेव्हा मी चालते. तिचे पाय मी. लेनचे पायही मीच. त्याचे जुने बूट दोन-दोन मोज्यांवर चढवून मी खडी भरलेल्या परातीत चालते. आणि ती दोघं एकमेकांचं चुंबन घेतात तेव्हा तेही मीच घेते.

हसायचं कारण नाही. नटांच्या हातात कागद असतात आणि दोघांच्या मध्ये माइक. तो दोन्ही बाजूंनी ऐकतो, म्हणून नायक-नायिका त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी राहून वाचतात. खरंच चुंबन घ्यायला गेलं तर कागद चुरगळणार, नाक माइकवर आपटणार आणि लोकांना ऐकू येणार फक्त धडपड. म्हणून रीतच अशी पडली आहे, की प्रेम कुणाचंही असो, ओठांचा आवाज आवाजवालीने काढायचा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या जरा वर, तिथे ओठ टेकायचे. माझा नवरा परक्या बाईच्या डोळ्यांत बघत उभा असतो आणि कोपऱ्यात मी माझ्याच हाताचा मुका घेत असते. दोन वर्षं मी हे केलं, आणि ह्या थंडीत तर हातावर गारठ्याने सुजलेल्या लाल गाठी आलेल्या असताना केलं.

आमचा स्टुडिओ म्हणजे चॅपलच्या, गावातल्या छोट्या चर्चच्या, मागचा हॉल. लंडनवर बाँब पडायला लागल्यावर नाटकवाल्यांना उचलून ह्या नदीकाठच्या गावात आणून टाकलं होतं. हॉलच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या, भिंतींवर घोंगड्या, खाली जाड गालिचा, की कुणाच्या खऱ्या पावलांचा आवाज उमटू नये. बाहेरचं लोखंडी कुंपण आणि फाटक रणगाड्यांसाठी वितळवायला नेलं होतं. त्या फाटकाची कडी तेवढी मी मजुरांना चहा पाजून मागून घेतली आणि एका लाकडी चौकटीला ठोकून माझ्या टेबलावर ठेवली. त्या दिवसापासून नाटकातलं कुठलंही फाटक उघडलं की चॅपलची कडी वाजते.

मी पोचले तेव्हा ती दोघं माइकपाशी होती. शेवटचं पान वाचून झालं होतं वाटतं, कारण कोणाच्याच हातात कागद नव्हता.

"आलीस का गं विनी?" डॅफ्नी म्हणाली. तिच्या ओठांवर खरी लिपस्टिक होती. बाकीच्या आम्ही बीट चोळतो. "आज माझी पावलं जरा नाजूक ठेव हं. मागच्या आठवड्यात आई म्हणाली, तू दूधवाल्यासारखी चालत होतीस."

"तुझी पावलं नाजूकच ठेवते मी," मी म्हटलं. "तू वाट चुकतेस, त्याला मी काय करू?"

लेन खोकला. डॅफ्नी गोड हसली. तिला टोमणा कळत नाही असं नाही, तो अंगाला लावून न घेण्याइतकी ती सुखात होती. मला ते जास्त झोंबलं.

नाटक जुन्या काळातल्या लढाईचं होतं. सुट्टीवर आलेला कॅप्टन म्हणजे लेन, आणि गिरणीवाल्याची मुलगी नेल म्हणजे डॅफ्नी. शेवटच्या पानावर कॅप्टनला पलटणीत परत जायचं असतं. नेल रडते, चुंबन होतं, बूट खडीवरून फाटकापर्यंत जातात, कडी वाजते, बूट थांबतात. मग ते धावत परत येतात आणि कॅप्टन म्हणतो, "नेल, मला नाही जमत." पियानो, समाप्त.

"हा शेवट मला पटत नाही," आमचे दिग्दर्शक मिस्टर प्रॉथरो पुन्हा एकदा म्हणाले. ते वेल्सचे, गोल, सतत घामाघूम. "इथे घराघरातला मुलगा लढायला गेलाय, आणि आमचा कॅप्टन फाटकातून परत फिरतो! पण लंडनहून मंजुरीचा शिक्का मारून आलंय, आता काय बोलणार? चला, चुंबनापासून घ्या."

डॅफ्नीने वाक्य म्हटलं, लेनने म्हटलं, मी हातावर ओठ टेकले.

काचेमागून प्रॉथरोसाहेबांचा आवाज आला. "विनी, राणी, हे चुंबन आहे. तू पाकिटाला तिकीट चिकटवतेस."

पुन्हा केलं.

"आता मावशीची पापी झाली. विनी, तो मरायला चाललाय! त्याचा पाय निघत नाहीये. जरा लांबव."

मी लांबवलं. हाताच्या गाठी ठणकत होत्या. समोर ती दोघं माइकच्या अलीकडे-पलीकडे उभी राहून माझं आटोपायची वाट बघत होती, म्हणजे एकमेकांकडे बघत होती. माझ्या जिवाचा नुसता तिळपापड झाला. मी जितकं लांबवीन तितकं त्यांचं बघणं लांबत होतं, आणि मी आटोपतं घेतलं की साहेब ओरडत होते.

"काहीतरी कमी आहे," शेवटी प्रॉथरोसाहेब हताश होऊन म्हणाले. "काय ते मला सांगता येत नाही. राहू दे, जेवून या."

कँटीनमध्ये त्या दिवशी गाजराची पेस्ट्री होती. मी मिस अॅपलयार्डच्या टेबलावर बसले. ती चॅपलचा ऑर्गन वाजवायची. हॉल रेडिओने घेतला तेव्हा पियानोबरोबर तीही आली असं सगळे म्हणत. साठीची, बारीक, हातात नेहमी विणकाम, कान मात्र माझ्याइतकेच तिखट.

"जेव की गं पोरी. गाजराने काय पाप केलंय?"

मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत होते. लेन आणि डॅफ्नी चहा घेत होते. लेनने खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढली. ती डबी मी ओळखत होते; घसा धरला की तो त्यातल्या गोळ्या खायचा. त्याने झाकण उघडलं आणि त्यातली साखर डॅफ्नीच्या कपात ओतली. सगळी ओतली, मग डबीवर टिचकी मारून उरलेले कणही पाडले.

लेनने नाताळापासून साखर सोडली होती. "सवय वाईट, विनी. साखर आणणाऱ्या बोटींवर लोक मरतात, मी चहा बिनसाखरेचा घेत जाईन," असं त्याने तोंड वाकडं करत मला सांगितलं होतं. मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! घरमालकिणीला, पहारेकऱ्याला, ह्याच मिस अॅपलयार्डला मी सांगत सुटले होते. एकदा तर मी माझ्या वाट्याची साखर घालून त्याला पुडिंग करून घातलं, की बिचाऱ्याच्या तोंडाला जरा गोड लागावं.

"साखर," मी म्हटलं. माझा आवाज खरोखरच पातळ निघाला.

मिस अॅपलयार्डने चष्म्यावरून तिकडे पाहिलं आणि सुया थांबवल्या. "एका माणसाने मला त्याच्या वाट्याचं लोणी दिलं होतं," ती म्हणाली. "मागच्या लढाईत. त्याची बायको अजून मला नमस्कार करत नाही."

"म्हणजे तुम्हालाही वाटतं?"

"मला काय वाटून उपयोग? त्याला विचार."

"विचारलं आणि त्याने खरं सांगितलं तर?"

तिने माझ्या ताटातली पेस्ट्री स्वतःकडे ओढली आणि खायला लागली. मी बसल्या जागी जळत होते. डॅफ्नीचा आवाज मला मिळाला नाही, ठीक. तिची पत्रं, तिची लिपस्टिक, तिचं वय, सगळं तिला लखलाभ. पण लेन माझा होता. गळक्या छपरांच्या खोल्यांत, रिकाम्या थिएटरांत, चुकलेल्या आगगाड्यांच्या फलाटांवर मी त्याच्याबरोबर दिवस काढले होते, आणि मला तो हवा होता. हे मी कुणापाशी बोलू शकत नव्हते. माझ्याकडे पुरावा काय होता? दोनदा केलेली दाढी आणि डबीभर साखर.

तीन वाजता दारावरचा लाल दिवा लागला.

लाल दिवा लागला की श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आम्ही बोललो की त्याच क्षणी सगळ्या देशाला ऐकू जातं, मागे घेता येत नाही. प्रॉथरोसाहेब काचेपलीकडे, आम्ही अलीकडे. तेही मग आमच्याशी बोलू शकत नाहीत. माझ्या टेबलावरचा हिरवा दिवा त्यांनी लावला की मी आवाज करायचा, एवढाच आमचा संबंध. आणि काही झालं तरी गप्प बसायचं नाही हा पहिला नियम. रेडिओ मुका झाला तर लोकांना वाटतं, जर्मन उतरले.

नाटक सुरेख चाललं होतं. मी गिरणीचं चाक फिरवलं, नारळाच्या करवंट्यांनी कॅप्टनचा घोडा दौडवला, चाळणीत वाटाणे फिरवून पाऊस पाडला. डॅफ्नीची पावलं इतकी नाजूक टाकली की तिच्या आईने खुर्चीतून उठून मला पत्र लिहावं. मग मी लेनचे बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि परातीपाशी उभी राहिले. शेवटचं पान आलं.

आणि दिवे गेले.

बाँब नव्हता की भोंगा नव्हता, गावाची वीज गेली एवढंच. आठवड्यातून एकदा जायचीच. माइक आणि तारा तळघरातल्या बॅटऱ्यांवर चालायच्या, त्यामुळे आम्ही अजूनही देशभर ऐकू येत होतो. दिसत मात्र काही नव्हतं. बुजवलेल्या खिडक्यांचा तो काळोख, डोळे मिटले काय आणि उघडे ठेवले काय, सारखाच. टॉर्च सगळ्यांचे बाहेर, कोटांच्या खिशात. हिरवा दिवाही गेला होता. आता हातातले कागद त्यांना दिसणार नव्हते. नट अडखळणार, देश घाबरणार. मी चाचपडत चाळणीकडे हात नेला, की निदान पाऊस तरी पाडावा.

"जाऊ नकोस," काळोखात डॅफ्नी म्हणाली. "एकदा गेलास की तू मला आठवशील, पण मला दिसणार नाहीस."

ते नेलचं वाक्य होतं, शब्दन् शब्द तेच.

"तू डोळे मीट," लेन म्हणाला. "मी तिथेच असेन."

तेही कागदावरचंच होतं. मग तिचं पुढचं, मग त्याचं, कुठे ठेच नाही, कुठे चूक नाही. आख्खं पान त्या काळोखात सरसर पुढे सरकत होतं आणि माझे हात चाळणीवर गार पडत होते. रेडिओवर पाठ कोण करतं, असं सकाळी मला विचारून गेलेला माझा नवरा प्रत्येक ओळ अशी म्हणत होता, की ती त्याने शंभरदा म्हटली असावी. आणि कुणाला तरी म्हटली असावी. हा आवाजही मी ओळखत होते. फिरत्या कंपनीत असताना, माझे केस अजून काळे होते तेव्हा, तो मला ह्याच आवाजात हाक मारायचा.

चुंबनाची जागा आली. मी हात वर उचलला. काही झालं तरी काम ते काम. हात ओठांपर्यंत अजून पोचला नव्हता.

आणि चुंबन झालं.

मी केलं नव्हतं. माझा हात हवेत होता. माइकपाशी कापड सळसळलं, कागद गालिच्यावर पडले, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. दोन वर्षं मी ओठांचा आवाज शोधत होते आणि खऱ्या चुंबनाला आवाज नसतोच. नुसता श्वास थांबतो, दोघांचा एकदम, आणि जरा वेळाने सुटतो. प्रॉथरोसाहेबांना जे कमी वाटत होतं ते हे होतं. सगळ्या देशाने ते ऐकलं. खाणीतल्या मजुरांनी, खलाशांनी, डॅफ्नीच्या आईने. त्यातलं खरं काय ते मला एकटीला कळलं.

मला ओरडावंसं वाटलं. कडी उचलून त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण माइक चालू होता, आणि पुढचा आवाज माझा होता.

मी परातीत पाय ठेवला आणि चालले. खर्र, खर्र, लेनच्या बुटांत लेनचं चालणं, डावा पाय किंचित ओढत, कारण त्याचा डावा गुडघा धरतो. जगात हे चालणं माझ्याइतकं कुणाला येत नाही. फाटकापाशी थांबले. कडी वाजवली.

आता बुटांनी धावत परत यायचं होतं.

मी उभी राहिले. काळोखात माझा नवरा त्या बाईशेजारी उभा राहून स्वतःच्या पावलांची वाट बघत होता. ती आल्याशिवाय त्याला पुढचं वाक्य म्हणता येत नव्हतं. फाटकाशी असलेला माणूस दाराशी असल्यासारखा बोलणार कसा? आणि त्याने गालिच्यावर कितीही पाय आपटले तरी आवाज उमटणार नव्हता. त्याचा सुटलेला श्वास मला ऐकू येत होता. मग तो श्वास पुन्हा अडकला, तेव्हा मला समजलं की त्यालाही समजलं.

मी कडी सावकाश लावली, फाटक बंद झाल्यासारखी. आणि पुढे चालायला लागले. खर्र, खर्र, टाचा उचलून, मग नुसत्या चवड्यांवर, हलके, अजून हलके, रस्त्याला लागलेल्या माणसासारखी, खडीचा एक कणही हलेनासा होईपर्यंत.

पियानो लागलीच सुरू झाला. मिस अॅपलयार्डने ठरलेली लग्नाची धून सोडून चॅपलमधली प्रार्थना वाजवली, काळोखात, एकही सूर न चुकता. मी बूट घातलेली तिथेच उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, संतापाचं की कशाचं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दिवे आले तेव्हा लाल दिवा विझलेला होता. डॅफ्नी खाली वाकून कागद गोळा करत होती. लेन रुमालाने तोंड पुसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल खिशात घातला.

प्रॉथरोसाहेब दार ढकलून आत आले. मला वाटलं, आता माझी नोकरी जाणार. मंजूर झालेला शेवट मी बदलला होता.

"लंडनचा फोन आला!" ते ओरडले. "तिकडे वरचे साहेब डोळे पुसतायत म्हणे! कॅप्टन गेला! कर्तव्यावर गेला! आणि ह्या पोरांनी काळोखात एक शब्द चुकवला नाही, धन्य आहे तुमची! पण विनी..." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "विनी, राणी, ते चुंबन! माझ्या अंगावर काटा आला. सकाळभर जमलं नाही आणि काळोखात असं? काय केलंस तरी काय?"

डॅफ्नी कागदांशीच रेंगाळली. लेनचा चेहरा पांढराफटक पडला होता. मिस अॅपलयार्डने पियानोचं झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. आत्ता, ह्या क्षणी, मी एक वाक्य बोलले असते तर दोघांची अब्रू त्या गालिच्यावर पडली असती.

"काही नाही," मी म्हटलं. "ह्या वेळी दुसरा हात वापरला."

"मग आता कायम तोच वापर!" प्रॉथरोसाहेब म्हणाले आणि पुन्हा फोनकडे पळाले.

मी खुंटीवरचा कोट ओढला आणि बाहेर पडले. बाहेर अजून उजेड होता, चॅपलच्या वाटेवरची खडी ओली होती. दारापासून थोडी पुढे गेले असेन, तोच लेन मागून आला. कोटाशिवाय, हातात टोपी.

"विनी, थांब. ते पाय परत का नाही आणलेस?"

एवढंच विचारलं त्याने. माफ कर म्हणाला नाही, खोटंसुद्धा बोलला नाही. खोटं बोलला असता तर मी तेही ऐकून घेतलं असतं, इतका मला तो हवा होता.

"लेन," मी म्हटलं, "चुंबन तुझं तूच घेतलंस. आता पायही तुझे तूच वापर."

"विनी, ऐक तरी..."

"मी घरी चाललेय. तुला यायचं असेल तर ये."

मी चालायला लागले. मागे वळून पाहिलं नाही. मला पाहायची गरज नसते, मी ऐकते. मग ओल्या खडीवर त्याची पावलं वाजली. डावा पाय किंचित ओढत तो येत होता. मी, लाज सोडून सांगते, पावलं हळू केली. तो जिथे फाटक होतं तिथपर्यंत आला. तिथे आता फाटक नव्हतं, कुंपण नव्हतं, कडीसुद्धा आत माझ्या टेबलावर होती. त्याला अडवायला तिथे काहीही उरलेलं नव्हतं.

तो तिथेच थांबला.

मी उभी राहिले. मोजलं नाही, पण पुष्कळ वेळ उभी राहिले. मग पावलं वळली आणि चॅपलकडे परत जायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. गुडघा धरलेला असतानाही तो शेवटी धावला.

घराच्या पायऱ्या चढताना जड का वाटतंय म्हणून मी खाली पाहिलं. माझे स्वतःचे जोडे स्टुडिओतच राहिले होते. लेनचे बूट तेवढे घरी आले होते.